वाचकांचे प्रश्न: माशीची नुसती सावली हाती आली तर?

पावसाळी अंकात माश्यांच्या फोटोंवर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती: सावलीचा किंवा उजेडाविरुद्ध काढलेला फोटो असेल तर तो फेकून देऊ नका, मला पाठवा. त्यानंतरच्या टपालात आणि ईमेलमध्ये रंगीत फोटो कमी आणि काळ्या आकृत्याच जास्त आल्या. मला फार आनंद झाला. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा कोणताही कीटक भिंगाखाली घेण्याआधी मी मुलांना त्याची नुसती बाह्यरेषा काढायला लावायची. रंग पाहिला की आपण लगेच नाव शोधू लागतो. रेषा काढायची म्हटली की बसण्याची ढब, पायांची ठेवण, डोक्याची रुंदी पाहावीच लागते. आजही तुमचा फोटो आला की तो साध्या कागदावर छापते, वर बटर पेपर ठेवते आणि फक्त कडा पेन्सिलीने गिरवते.

जगात माश्यांच्या दीड लाखाहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. काळ्या आकृतीवरून जातीपर्यंत जाता येणं विरळा, पण कुळापर्यंत पुष्कळदा जाता येतं. खालच्या उत्तरांत मी जिथे थांबले आहे तिथे जाणूनबुजून थांबले आहे. त्यापुढचं नाव केसांच्या मांडणीवरून, पंखांच्या शिरांवरून किंवा नराच्या जननेंद्रियावरूनच ठरतं, आणि सावलीत यातलं काही उतरत नाही.

प्रश्न: ताई, सकाळी करडईच्या फुलावर सूर्याकडे तोंड करून फोटो काढला. कीटक पूर्ण काळा आला. घरचे म्हणतात मधमाशी, मला माशी वाटते. दोनच पंख दिसतात, म्हणून माशी म्हणावं का? मावा पडलाय, या आठवड्यात फवारणी करायची आहे.
(एक शेतकरी वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर: तुमचा अंदाज बरोबर आहे, पण कारण पंख हे नाही. मधमाशीला चार पंख असतात, मात्र पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेला असतो. काळ्या आकृतीत तिचेही दोनच दिसतात. माशीला खरोखर दोन पंख. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन इवल्या काड्या उरल्या आहेत; त्यांना संतोलक म्हणतात आणि उडताना तोल त्यांच्यावर सांभाळला जातो. तुमच्या फोटोच्या कोनातून ते दिसणं शक्य नाही.

मी आधी डोकं पाहिलं. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या असतात, उजेडाविरुद्ध त्या डोक्यापुढे स्वच्छ उठून दिसतात. तुमच्या कीटकाच्या डोक्यापुढे एक आखूड टोक सोडलं तर काही नाही. डोकं वक्षाइतकं रुंद, आणि ती सगळी रुंदी डोळ्यांची. मग मागचे पाय पाहिले. सातेरी असो वा फुलोरी, कामकरी मधमाशीचा मागचा पाय रुंद, चपटा असतो आणि फुलोऱ्याच्या दिवसांत त्यावर परागाचा गोळा असतो. तुमच्याकडचे पाय बारीक आणि सरळ आहेत. पंखही पाठीवर न मिटता दोन्ही बाजूंना तिरके धरले आहेत. ही सिर्फिडी कुळातली माशी, फोटोग्राफर जिला हॉवर फ्लाय म्हणतात ती. हवेत एका जागी स्थिर राहणारी, मधमाशीचे किंवा गांधीलमाशीचे पट्टे अंगावर घेऊन फिरणारी, पण डंख नसलेली.

कंबर पाहून निर्णय करू नका, हे मुद्दाम सांगते. गांधीलमाशीची नक्कल करणाऱ्या काही माश्यांची कंबर इतकी बारीक असते की बाह्यरेषेत त्या खऱ्या गांधीलमाश्याच वाटतात.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. या कुळातल्या अनेक माश्यांच्या अळ्या मावा खाऊन वाढतात. माशी मावा पडलेल्या झाडावरच अंडी घालते. तुमच्या फुलावर ती आली आहे याचा अर्थ अळ्या खाली शेंड्यांवर असू शकतात: बिनपायाच्या, हिरवट-पांढुरक्या, एका टोकाला निमुळत्या. फवारणीआधी मावा असलेले शेंडे उलटून नीट पाहा. अळ्या बऱ्याच दिसल्या तर फवारा थांबवा आणि कृषी सहायकांशी बोलून मगच पुढचं ठरवा. त्या तुमचं काम फुकटात करत आहेत.

प्रश्न: मी आठवीत आहे. शाळेच्या पायरीवर उडणाऱ्या माशीच्या सावलीचा फोटो काढला. सावलीला पाय नाहीत आणि पंखही नाहीत, नुसता लांबट डाग आहे. बसलेल्या माशीच्या सावलीत मात्र पाय दिसतात. असं का होतं?
(एक विद्यार्थी, बार्शी)

उत्तर: तुझा प्रश्न मला या महिन्यातला सगळ्यात मोलाचा वाटला. याचं उत्तर सूर्यात आहे.

ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया शिकला असशील. सूर्य आपल्याला ठिपक्यासारखा दिसत नाही. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे कोणत्याही वस्तूमागची गडद सावली, म्हणजे प्रच्छाया, दूर जाता जाता निमुळती होत संपते. कुठे संपते? वस्तूच्या जाडीच्या साधारण शंभरपटीपेक्षा थोड्या जास्त अंतरावर. आता माशीला हे लाव. तिचा पाय धर मिलिमीटरचा दोनदशांश भाग जाड. त्याची गडद सावली दोन सेंटिमीटरच्या आसपास संपली. अंग धर चार मिलिमीटर जाड. त्याची सावली चाळीस सेंटिमीटरपर्यंत टिकेल. तुझी माशी पायरीपासून वीतभर उंचीवर असेल, तर अंगाची सावली पायरीवर पोचली आणि पायांची वाटेतच विरली. पंख तर पारदर्शक, आणि घरमाशीचे सेकंदाला सुमारे दोनशे वेळा हलतात. त्यांची सावली कॅमेऱ्यात यायची कशी?

हे घरी करून बघ. शिवणाचा दोरा उन्हात जमिनीला टेकव, मग हळूहळू वर उचल. दोनतीन सेंटिमीटरवरच त्याची सावली फिकी पडू लागेल. मग बोट धर. ते डोक्यापर्यंत नेलंस तरी सावली हरवणार नाही, फक्त कडा मऊ होतील.

यातून दोन गोष्टी तुझ्या हाती लागतात. सावलीत पाय आणि मिशा रेखीव असतील तर कीटक पृष्ठभागाला अगदी लागून आहे. कडा जितक्या धूसर तितका तो उंच. दुसरी गोष्ट मापाची. तिरपं ऊन सावलीला उन्हाच्या दिशेने ताणतं, आडव्या दिशेने ताणत नाही. सूर्य 45 अंशांवर असेल तर सावलीची लांबी उंचीइतकी, 30 अंशांवर असेल तर जवळजवळ पावणेदोनपट. म्हणून सपाट पायरीवरच्या सावलीत उन्हाला आडवं जे माप मिळतं तेच खरं मान. मेच्या मध्यात, तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो त्या सुमारास, भर दुपारी काढलेल्या फोटोत ही अडचणच नसते. सूर्य डोक्यावर असतो आणि माशीचा वरून दिसणारा आकार जसाच्या तसा खाली उतरतो. मात्र विजेरीच्या उजेडाला हा नियम लावू नकोस. जवळच्या दिव्याची किरणं फाकत जातात, सावली सगळ्याच बाजूंनी मोठी होते.

तुझ्या वहीत दोऱ्याची उंची आणि सावलीचं वर्णन असं कोष्टक करून मला पाठव. मला ते पाहायचं आहे.

प्रश्न: स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर गांधीलमाशीसारखा काळा कीटक बसला होता. उजेड मागून होता. पोट आणि छाती जिथे जोडतात तिथून आरपार उजेड दिसतो, जणू कंबर कापली आहे. गच्चीवर कंपोस्टचा ड्रम आहे. मुलं लहान आहेत, भीती वाटते.
(एक गृहिणी, कोथरूड, पुणे)

उत्तर: घाबरू नका. ही ब्लॅक सोल्जर फ्लाय, आणि तिथे कंबर नाहीच. तिच्या पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या असतात. साध्या उजेडात त्या नजरेत भरत नाहीत. तुमच्यासारखा मागून उजेड आला की त्यातून प्रकाश आरपार येतो आणि पोट जरुरीपेक्षा बारीक वाटतं. तुमचा फोटो उजेडाविरुद्ध आला म्हणूनच मी हे नाव इतक्या खात्रीने सांगू शकते. रंगीत फोटो असता तर आणखी विचारपूस करावी लागली असती. आकृतीतल्या बाकीच्या खुणाही जुळतात: पंख एकावर एक मिटून पाठीवर सपाट ठेवलेले, मिशा माशीच्या मानाने लांब, अंगाची लांबी दीडदोन सेंटिमीटर.

मूळची अमेरिका खंडातली ही माशी आता जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरली आहे. तिला डंख नाही, ती चावत नाही, आणि घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. ड्रममधल्या राखाडी-तपकिरी, चपट्या, खरबरीत अळ्या तिच्याच. ओला कचरा त्या झपाट्याने संपवतात. पूर्ण वाढल्या की कोरडी जागा शोधत बाहेर पडतात, तेव्हा गच्चीभर दिसतात. ड्रममध्ये वाळलेला पाला वाढवा आणि झाकण घट्ट ठेवा, एवढं पुरे.

प्रश्न: बाथरूमच्या टाइल्सवर बदामाच्या आकाराची इवलीशी काळी सावली रोज दिसते. काय असेल?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: मॉथ फ्लाय, सायकोडिडी कुळ. अळ्या मोरीच्या पाइपमधल्या बुळबुळीत थरात वाढतात. पाइप ब्रशने आतून घासा.

प्रश्न: ताई, मी आशा कार्यकर्ती आहे. रात्री एका घरात मातीच्या भिंतीवर बसलेल्या डासाचा विजेरीच्या उजेडात फोटो घेतला. डास काळा दिसतो, सावली लांब पडली आहे. सावलीवरून हिवतापाचा डास आहे का ते सांगता येईल का?
(एक आशाताई, गडचिरोली जिल्हा)

उत्तर: डास हेही माश्यांच्याच गणातले, दोन पंखांचे. त्यामुळे तुमचा प्रश्न या सदरातलाच आहे, आणि यातला सर्वांत गंभीरही.

ॲनॉफिलीस, म्हणजे हिवताप पसरवणारा डास, बसतो तेव्हा त्याची सोंड, डोकं आणि पोट एका सरळ रेषेत येतं आणि ती रेषा भिंतीशी कोन करते. डोकं भिंतीकडे, पोटाचं टोक वर उचललेलं. क्युलेक्स हा दुसऱ्या प्रकारचा डास पाठीत वाकलेला दिसतो आणि पोट भिंतीला समांतर ठेवतो. तुमच्या फोटोत खुद्द डासाची आकृती सरळ रेषेत आणि तिरपी आहे. ती ॲनॉफिलीसकडे बोट दाखवते. मिशा पिसांसारख्या झुबकेदार नाहीत, म्हणजे मादी. चावते ती मादीच.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तुम्ही विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरली होती, त्यामुळे सावली लांबली आणि कोन आहे त्यापेक्षा मोठा भासतो. कोन नेहमी डासाच्या अंगावर पाहायचा, सावलीवर नाही. शिवाय काही ॲनॉफिलीस इतके सपाट बसतात की ढबीवरून क्युलेक्स वाटावेत. त्यामुळे तिरपा बसला तर संशय पक्का, सपाट बसला तर निर्धास्त व्हायचं नाही. पुढच्या वेळी डोक्याचा फोटो बाजूने घ्या. सोंडेच्या दोन्ही बाजूंना सोंडेइतक्याच लांब काड्या दिसल्या तर ती ॲनॉफिलीसची मादी. क्युलेक्सच्या मादीत त्या अगदी आखूड असतात. जमलं तर डास परीक्षानळीत घेऊन तोंडाला कापूस लावा आणि जिल्हा हिवताप कार्यालयाकडे पोचवा. तिथे जात कळेल, आणि कोणत्या जाती घरात विसावतात हे कळणं फवारणीसाठी गरजेचं असतं.

फोटो काय सांगतो याची वाट पाहत कुणा तापकऱ्याची रक्ततपासणी थांबवू नका. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न: भिगवणला फ्लेमिंगो पाहायला गेलो होतो. मुक्कामाच्या खोलीच्या जाळीवर शेकडो डास. उजेडाविरुद्ध फोटो पाठवतोय. एकही चावला नाही!
(एक पक्षीनिरीक्षक, इंदापूर)

उत्तर: चावणारच नाहीत. फोटोत पाहा, प्रत्येकाने पुढचे दोन पाय उचलून धरले आहेत. डास उचलतो ते मागचे. ही कायरोनोमिडी कुळातली केमरं. यांना रक्त पिणारी सोंड नसते, पंखही पोटापेक्षा आखूड असतात. यांच्या पुष्कळ जातींच्या अळ्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. उजनीच्या फुगवट्यातल्या प्राणवायू कमी असलेल्या गाळात ते त्यांना तगवतं. ज्या पाणथळीतल्या पक्ष्यांसाठी तुम्ही गेलात, त्यांच्यातल्या अनेकांचं हे खाणं आहे. खोलीतला दिवा बंद केलात की जाळी मोकळी होईल.

प्रश्न: आंब्याच्या बागेत फळमाशीचे सापळे लावलेत. सापळा उन्हासमोर धरून फोटो काढला, आतल्या माश्यांच्या आकृत्या दिसतात. माहितीपत्रकातल्या चित्रात पोटाला टोक आहे, माझ्या सापळ्यातल्या एकीलाही नाही. सापळ्यात भलत्याच माश्या येतात का?
(एक बागायतदार, देवगड)

उत्तर: माश्या योग्यच आहेत. सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं आणि त्याच्याकडे फक्त नर ओढले जातात. पोटाचं टोक मादीला असतं. त्याने ती फळाची साल भोसकून आत अंडी घालते. पत्रकात मादीचं चित्र आहे, सापळ्यात नर आहेत, इतकंच. तुमच्या आकृत्यांत पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, अंग घरमाशीएवढं किंवा थोडं बारीक, पोट बुडाशी अरुंद होऊन मागे गोल. फळमाशीच्या नराचा बांधा हाच.

नर संपवले की माद्या फळवतीच होत नाहीत, हे सापळ्यामागचं तत्त्व आहे. म्हणून सापळा एका बागेत लावून थोडाच उपयोग होतो; शेजारच्यांनाही बरोबर घ्या. आणि गळलेली फळं रोज उचलून खोल पुरा. त्यात अळ्या असतात, त्या जमिनीत शिरून कोष करतात आणि पुढची पिढी तिथूनच वर येते. एरवी आंब्याच्या मोहोरावर दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्यांना मात्र जपा. आंब्याच्या परागीभवनात माश्यांचा वाटा मोठा आहे.

प्रश्न: नान्नजच्या माळावर मावळतीला गवताच्या टोकावर बसलेला चतुर टिपला. मित्र म्हणतो चतुर नाही.
(एक छायाचित्रकार, सोलापूर)

उत्तर: मित्राचं ऐका. चतुर बसतो तेव्हा चारही पंख आडवे पसरलेले असतात. तुमच्या कीटकाने पंख पाठीवर लांबट मिटले आहेत, वक्षाला कुबड आहे, पोट मागे निमुळतं होत गेलंय आणि पाय दणकट, काट्यांचे. चतुराची चुलत बहीण टाचणी पंख मिटते, पण तिला हे कुबड आणि हे पाय नसतात. ही रॉबर फ्लाय, असिलिडी कुळ. तोंडाखाली जो दुसरा काळा गोळा लोंबतोय तो तिची शिकार आहे. ती उडता कीटक हवेतच पकडते, सोंड खुपसून आत लाळ सोडते आणि विरघळलेलं मांस शोषून घेते. त्या गोळ्याला एक लांब पंख दिसतो, त्यामुळे शिकार कसली हे ठरवायचा मला मोह होतो, पण आकृती तेवढं सांगत नाही.

पुढच्या वेळी तिला समोरून टिपा. दोन डोळ्यांच्या मधे डोक्यावर खोलगट खाच दिसते. बाह्यरेषेत ही एक खाच सापडली की कुळाबद्दल सहसा शंका उरत नाही. आणि कृपा करून काळा रंग आणखी गडद करून पाठवू नका. मूळ फाइल द्या. गडद केल्यावर तोंडावरची केसांची दाढी अंगात मिसळून गेली आहे, तीच मला हवी होती.

प्रश्न: मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये कर्दळीच्या पानामागे बसलेल्या माशीची सावली टिपली. पाय चारच आले. मागे कोळी तर नसेल?
(एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर: कोळ्याला आठ पाय, चारांवरून तोही ठरत नाही. पोर्ट्रेट मोड बारीक पाय आणि मिशा पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. साध्या मोडमध्ये पुन्हा घ्या. पानाच्या आरपार दिसणाऱ्या सावलीत पावलं पानाला टेकलेली असल्यामुळे ती सर्वांत रेखीव येतात. ते ठिपके मोजा. सहा ठिपके, आणि अंग पानापासून उंच धरलेलं असेल, तर कुंड्यांमधल्या पानांवर चमचमत पळणाऱ्या हिरव्या लांबपायी माशीची शक्यता सर्वांत जास्त.

प्रश्न: ताम्हिणीच्या ओढ्यात तळाशी काळ्या गोल चकत्यांची सावली दिसली, भोवती चकाकती कड. पाण्यावर माशी चालत होती का?
(एक भटके, मुळशी)

उत्तर: पाण्यावर उभं राहणारा कीटक पाण्याचा पडदा फोडत नाही, पावलाखाली तो दबतो. त्या खळग्यातून जाणारा प्रकाश बाजूला वळतो, म्हणून तळाशी पावलापेक्षा कितीतरी मोठी काळी चकती पडते, आणि वळलेला प्रकाश कडेला साचून चकाकतो. तुमच्या फोटोत चार चकत्या मोठ्या आणि दूरदूर आहेत, दोन लहान डोक्याजवळ. मधले आणि मागचे पाय लांब, पुढचे आखूड: हा ढेकणांच्या गणातला पाण्यावर सरकणारा कीटक. माशी असती तर सहा लहान चकत्या अंगाभोवती जवळजवळ पडल्या असत्या. अशा माश्याही ओढ्याकाठी असतात, संथ कडेला पाहा.

प्रश्न: हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर कंदीलपुष्पाचं फूल सूर्यासमोर आलं आणि फुलाच्या नळीच्या तळाशी एक काळा ठिपका हलताना दिसला. फोटोत त्याला पंख असल्यासारखं वाटतं. फूल माशी खातं का? फूल कापून पाहावंसं वाटलं होतं, पण कापलं नाही.
(एक गिर्यारोहक, जुन्नर)

उत्तर: कापलं नाहीत, त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

हे फूल माशी खात नाही, कोंडून ठेवतं. कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, पाच पाकळ्या टोकाशी जुळून वर पिंजरा करतात. खाली अरुंद नळी, आणि तिच्या तळाशी फुगीर खोली. वासाने ओढलेली माशी पाकळ्यांच्या फटीतून आत उतरते. नळीत खाली वळलेले केस असतात, ते आत जाऊ देतात आणि परत येऊ देत नाहीत. उजेडाकडे जायचं हा माशीचा स्वभाव. अनेक जातींत तळच्या खोलीची भिंत काही ठिकाणी इतकी पातळ असते की तिथून उजेड आत येतो. माशी सुटकेची वाट समजून त्याच बाजूला जाते आणि नेमकी परागांपाशी पोचते. मधरस घेताना परागपुंज तिच्या तोंडाच्या भागाला अडकतो. पुढे फूल कोमेजतं, केस सुकतात, माशी सुटते आणि दुसऱ्या कंदिलात शिरून तो परागपुंज तिथे पोचवते.

तुम्हाला जी काळी आकृती दिसली ती याच पातळ भिंतीमुळे. माशीला फसवायला केलेल्या खिडकीतून तुम्ही आत पाहिलंत.

माशी कोणती? फुलाच्या खोलीच्या मानाने ती दोन मिलिमीटरच्या आसपास भरते. बटर पेपरवर गिरवली तेव्हा पाठीला गोल कुबड आलं नाही, म्हणजे फोरिडी कुळातली कुबडी माशी बहुधा नसावी. मण्यांची माळ वाटावी अशा लांब मिशाही नाहीत, तेव्हा चावऱ्या चिलटांचं सेरॅटोपोगोनिडी कुळही मागे पडतं. आटोपशीर, आखूड मिशांची, रुंद डोक्याची आकृती उरते. मिलिचिडी किंवा क्लोरोपिडी यांपैकी एक, इथवर मी येते. सेरोपेजियाच्या फुलांत ही दोन्ही कुळं इतरत्र सापडली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडर्सोनीवर 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की ते फूल जखमी मधमाशीचा वास सोडतं. कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या मधमाशीच्या अंगरसावर जगणाऱ्या मिलिचिडी माश्या त्या वासावर धावून येतात आणि फुलात अडकतात. आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांपैकी प्रत्येकीकडे कोणती माशी येते हे नीट नोंदवण्यासारखं काम आहे, आणि त्यात तुमच्यासारख्या डोंगर तुडवणाऱ्यांचे फोटो फार उपयोगी पडतील.

हे काम फूल न तोडता होतं. महाराष्ट्रातली कित्येक कंदीलपुष्पं फक्त सह्याद्रीतच उगवतात, काही मोजक्या कड्यांवरच उरली आहेत. कंद खाण्यासाठी खणले जातात, शेंडे गुरं खातात. त्यात अभ्यासाच्या नावाखाली आपणही फुलं कापू लागलो तर बी धरायचं कशाने? तुम्ही जसं पाहिलंत तसंच पाहायचं. सूर्य फुलामागे येईल असे बसा, झाड वाकवू नका, फुलाला हात लावू नका. नळीच्या तळावर फोकस धरा आणि दहा-पंधरा फोटो ओळीने घ्या. माशी आत फिरते, त्यातल्या एखाद्यात ती कडेने उभी सापडते, आणि मला लागते ती तीच आकृती. शेजारी पट्टी धरता आली तर उत्तम. पाच पाकळ्या वर अजून जुळलेल्या आहेत का, फूल ताठ आहे की कलंडलंय, आणि वेळ किती, एवढं सोबत लिहा. ठिकाण मात्र तालुक्यापर्यंतच कळवा, आणि फोटोतली जीपीएसची नोंद काढून टाकून मगच तो पाठवा.